बेळगावात राहून बौद्धिक संपदा आणि उद्योजकता या विषयांत कायद्याचा प्राध्यापक म्हणून कारकीर्द करता येईल का?

होय, करता येईल. एलएलएम या कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गासाठी ५० टक्के) आणि सोबत नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, नाहीतर पीएचडी, ही नेहमीची पात्रता आहेच. खरा प्रश्न विषयात काय काम करणार, हा आहे.

या विषयाला आपल्या जिल्ह्याइतकी चांगली प्रयोगशाळा क्वचितच मिळेल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशाच्या मालाला मिळणारी कायदेशीर ओळख) महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या चार जिल्ह्यांचे सामाईक आहे. तरीही आपल्याच जिल्ह्यातील अथणीच्या कारागिराला त्या मानांकनाचा कायदेशीर आधार हवा असेल, तर त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती करून देण्याचे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेणारा प्राध्यापक मला नुसते शोधनिबंध छापणाऱ्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ येथेच असल्याने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे नवउद्योगही हाताशी आहेत; ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाला त्यांना ९,००० ऐवजी ४,५०० रुपये शुल्क पडते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

दोन अडचणी मात्र आधीच ओळखा. पेटंट एजंटच्या (इतरांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याच्या) परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, केवळ बीए-एलएलबी चालत नाही. आणि पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, उलट वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा आहे. न्यायालयाची ओढ असेल, तर हा दुसरा मार्ग आधी तपासावा.