ट्रिनोमध्ये ‘सेट सेशन’ पुढच्या क्वेरीला का लागू होत नाही?

ट्रिनो या एसक्यूएल क्वेरी इंजिनमध्ये आपण एचटीटीपीवरून ‘सेट सेशन’ (सेशनची एखादी सेटिंग बदलणारी आज्ञा) चालवले, ते यशस्वी झाले आणि तरीही पुढच्या क्वेरीला जुनीच मर्यादा लागली, याचे कारण असे की दोन क्वेरींच्या मध्ये ट्रिनोचा कोऑर्डिनेटर (क्वेरी स्वीकारणारा मुख्य सर्व्हर) आपले सेशन लक्षात ठेवत नाही. ती जबाबदारी क्लायंटची आहे.

‘क्वेरी_मॅक्स_रन_टाइम’ (क्वेरी चालण्याची कमाल वेळ) 10 मिनिटे केल्यावर उत्तरात ‘एक्स-ट्रिनो-सेट-सेशन’ हा हेडर (उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ) येतो. त्यातील नाव व किंमत जपून ठेवून पुढील प्रत्येक पोस्ट विनंतीत ‘एक्स-ट्रिनो-सेशन’ या हेडरमधून पाठवावी लागते. येथे बहुतेकांची चूक होते ती अशी, की ते फक्त पहिले उत्तर तपासतात. वास्तविक ‘नेक्स्ट-यूआरआय’ (उत्तराचा पुढचा भाग मिळण्याचा पत्ता) येणे थांबेपर्यंत प्रत्येक उत्तराचे हेडर वाचले पाहिजेत. ‘यूज’ या आज्ञेने बदललेला कॅटलॉग आणि स्कीमा यांचेही असेच आहे.

प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा (आधी तयार करून नाव दिलेल्या क्वेरीचा) तर संपूर्ण मजकूर दर वेळी हेडरमधून जातो, त्यामुळे लांबलचक क्वेरी हेडरच्या आकारमर्यादेवर अडते. अशा वेळी क्वेरी आधी तयार न करता थेट चालवणारे ‘एक्झिक्यूट इमिजिएट’ वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवहार (ट्रान्झॅक्शन) मात्र थोडा वेगळा आहे, कारण तो कोऑर्डिनेटरवरच राहतो आणि क्लायंटकडे केवळ त्याचा क्रमांक येतो. व्यवहार सुरू करणाऱ्या विनंतीत ‘एक्स-ट्रिनो-ट्रान्झॅक्शन-आयडी’ची किंमत ‘नन’ अशी पाठवावी, अन्यथा क्लायंटला व्यवहार हाताळता येत नाहीत असे समजून सर्व्हर ती विनंती नाकारतो.