रॉक बँडला एक अल्बम करायला चार-चार वर्षं का लागतात?

तुमचा प्रश्न असा की अल्बममध्ये दहा-बारा गाणीच तर असतात, मग हे बँडवाले तीन-तीन चार-चार वर्षं स्टुडिओत नक्की करतात काय आणि तोवरचा खर्च कोण करतं. खाली तुम्ही असंही लिहिलंय की आपल्याकडे एका दिवसात गाणं रेकॉर्ड होऊन लोक घरी जेवायला जायचे. खरंय ते. पण आपल्याकडे अरेंजरने (कुणी काय वाजवायचं ते ठरवणाऱ्याने) आधीच नोटेशन लिहून ठेवलेलं असायचं, पन्नास-शंभर वादक समोर बसलेले, गायिका केबिनमध्ये, आणि सगळं एकदम वाजायचं, एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे विचार करायचं सगळं काम स्टुडिओत पाय ठेवायच्या आधीच झालेलं. रॉक बँडचं बरोब्बर उलट, ते स्टुडिओत जाऊन विचार करतात, आणि तासाचं मीटर चालू असतं.

मी काही मोठा म्युझिशियन नाही, आधीच सांगतो. नव्वदच्या दशकात डोंबिवलीत कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवायचो, मुंबईत रंगभवनला आय-रॉक हा रॉक बँडचा महोत्सव बघायला लोकलने लटकत जायचो, आता नोकरी करतो आणि रविवारी घरी हौस म्हणून रेकॉर्डिंग करतो. पण ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला एकच अल्बम पुरतो, डेफ लेपर्ड ह्या रॉक बँडचा 'हिस्टेरिया'. काम सुरू झालं १९८४ च्या सुरुवातीला आणि दुकानात आला ३ ऑगस्ट १९८७ ला. एका अल्बमवर जेवढी संकटं येऊ शकतात तेवढी सगळी ह्याच्यावर येऊन गेलीत.

ही इंग्लंडमधल्या शेफिल्डची पोरं. १९८३ चा 'पायरोमेनिया' अमेरिकेत तुफान चालला, मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' आडवा आला म्हणून खपाच्या यादीत दुसऱ्या नंबरवर अडकला नाहीतर पहिलाच होता. त्याचा प्रोड्युसर, म्हणजे पैसे घालणारा नव्हे तर रेकॉर्डिंग करवून घेणारा, मट लँग, ज्याने एसी/डीसी बँडचा 'बॅक इन ब्लॅक' केला तोच (आणि पुढे गायिका शनाया ट्वेनचे अल्बमही). पुढचा अल्बमही त्याच्याबरोबरच करायचा म्हणून बँड डब्लिनला गाणी लिहायला बसला, आणि थोड्याच दिवसांत लँग म्हणाला की मी पार दमलोय, मला नाही जमणार. सतत काम करून त्याची अवस्थाच तशी झाली होती.

मग आणला जिम स्टाइनमन, मीट लोफ ह्या गायकाच्या 'बॅट आउट ऑफ हेल' अल्बमची गाणी लिहिणारा. माणूस मोठा, पण ह्यांचं आणि त्याचं गणित जमेचना. त्याला बँड खोलीत वाजवतो तसाच रफ आवाज टेपवर पाहिजे होता आणि ह्यांना पाहिजे होता एकेक सूर घासूनपुसून चकचकीत केलेला. हॉलंडमध्ये हिल्व्हरसमच्या विसेलूर्ड स्टुडिओत काम चालू होतं, शेवटी पैसे मोजून त्याला मोकळा केला आणि त्याच्याबरोबर केलेलं रेकॉर्डिंग बाजूला टाकलं. मग लँगच्याच हाताखालच्या इंजिनियरला घेऊन स्वतःच प्रयत्न केला, तेही मनासारखं होईना. म्हणजे बघा, वर्ष संपलं, स्टुडिओचं बिल चढलं आणि हातात वापरण्यासारखं जवळपास काही नाही. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच आलं, वेळ गाणी बनवण्यात कमी जातो आणि बनवलेली फेकण्यात जास्त.

आणि नेमकं ३१ डिसेंबर १९८४ ला ड्रमर रिक अ‍ॅलनची गाडी शेफिल्डजवळ उलटली आणि डावा हात तुटला. डॉक्टरांनी जोडला होता पण इन्फेक्शन झालं आणि काढावा लागला. वय २१. ड्रमरचा हात! बाकीचे कुणीही त्याला "आता तू थांब" म्हणाले नाहीत, तुझं तू ठरव, आम्ही थांबतो, एवढंच. हॉस्पिटलच्या पलंगावर पायथ्याशी ठेवलेल्या फोमच्या तुकड्यावर तो पायाने ठेका धरायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की डावा हात जे वाजवायचा ते डावा पाय वाजवू शकतो. त्यातून सिमन्स कंपनीचे इलेक्ट्रॉनिक पॅड आणि डाव्या पायासाठी जास्तीची पेडल असलेला सेट बनवून घेतला. स्नेअर, म्हणजे एरवी हाताने वाजवायचा तो कडकडीत ड्रम, पायाने! मी बेसिस्ट, ड्रमरच्या पायाकडे बघूनच मी आयुष्यभर वाजवलंय, त्यामुळे हे वाचताना नुसतं कौतुक नाही वाटत, डोकंच चालत नाही. १६ ऑगस्ट १९८६ ला इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनच्या मॉन्स्टर्स ऑफ रॉक महोत्सवात तो हजारो लोकांसमोर परत वाजवायला बसला.

दरम्यान मट लँगची तब्येत सुधारली आणि तो परत आला. आला आणि म्हणाला पहिल्यापासून करूया. झालं का! पुढे त्यालाही गाडीचा अपघात झाला, पाय जायबंदी, गायक जो इलियटला मध्येच गालगुंड, म्हणजे आपल्याकडे अशा वेळी घरच्यांनी सत्यनारायण घालायला लावला असता.

आता स्टुडिओत नक्की काय करतात ते सांगतो, कारण हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. साधारण बँडचं रेकॉर्डिंग म्हणजे आधी ड्रम, त्यावर बेस, मग गिटार, शेवटी आवाज. ह्यांनी ड्रम शेवटी ठेवले. आधी मशीनच्या ठेक्यावर सगळं वाजवून घेतलं आणि खरे ड्रमचे आवाज सॅम्पल करून, म्हणजे एकेक ठोका रेकॉर्ड करून ठेवून, फेअरलाइट नावाच्या कॉम्प्युटरवरून मागाहून बसवले. ऐंशीच्या दशकातला कॉम्प्युटर हो, किंमत घराएवढी आणि मेमरी आजच्या साध्या मोबाईलच्या नखाएवढीही नाही. फायदा असा की गाण्याची रचना शेवटपर्यंत बदलता येत होती, ड्रम आधी पक्के झाले की मग कोरसची (धृवपदाची) जागा हलवणं म्हणजे भिंत पाडण्यासारखं.

गिटारची तर गंमतच. तुम्ही मोठमोठे अ‍ॅम्प्लिफायर बघितले असतील स्टेजवर, ह्या अल्बममध्ये बरीचशी गिटार वाजलीये रॉकमन नावाच्या वॉकमनएवढ्या डबीतून, बोस्टन बँडच्या टॉम शोल्झने बनवलेली. आणि काही ठिकाणी तर कॉर्डमधला एकेक सूर वेगळा रेकॉर्ड केलाय. म्हणजे आपण सहा तारांवरून हात फिरवतो आणि झ्यांग वाजतं ना, ते एकदम वाजवायचंच नाही. आधी एक तार, तिचा टेक, मग टेप मागे, मग दुसरी तार, मग तिसरी. का? तर डिस्टॉर्शन (रॉक गिटारचा तो खरखरीत, फाटलेला आवाज) लावून कॉर्ड वाजवली की सूर एकमेकांत घुसतात आणि खालून एक गढूळ गुरगुर येते. वेगवेगळे घेतले की प्रत्येक सूर घंटेसारखा स्वच्छ राहतो आणि हवा तसा डावीकडे उजवीकडे मांडता येतो.

मला हे खोटं वाटायचं म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी घरी करून बघितलं. फक्त चार कॉर्डचा एक तुकडा, आठ सेकंदांचा. एकेक तार, प्रत्येक वेळी ट्यून तपासायची कारण एक सूर जरा जरी चढला तर बाकीच्यांशी भांडतो, शिवाय सगळ्यांची सुरुवात एकाच क्षणी पडायला पाहिजे नाहीतर कॉर्डऐवजी पायऱ्यांवरून भांडं पडल्यासारखं ऐकू येतं. दुपारी दोनला बसलो ते संध्याकाळी साडेपाच झाले. बायको दोनदा येऊन विचारून गेली की गिटार बिघडलीये का, एकच टुंग टुंग कधीपासून चाललंय. पण शेवटी सगळे ट्रॅक एकत्र चालू केले आणि अहो, तो 'हिस्टेरिया'वाला काचेसारखा आवाज माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतून आला. आठ सेकंदांना साडेतीन तास. अल्बम आहे ६२ मिनिटांचा, आणि कोरसला त्यांनी आवाजावर आवाज रचलेत (त्यात लँग स्वतःही गातो) ते वेगळेच. हिशोब तुम्ही करा.

आणि एवढं सगळं करून गंमत काय, तर अल्बम जवळजवळ संपलेला असताना जो इलियट ब्रेकमध्ये गिटार घेऊन काहीतरी गुणगुणत बसला होता, लँगने ऐकलं आणि म्हणाला हे काय आहे, हे करायलाच पाहिजे. ते 'पोर सम शुगर ऑन मी'. तीन वर्षं घासलेल्या गाण्यांपेक्षा सगळ्यात शेवटी घाईत घुसलेलं हे गाणं जास्त गाजलं. ह्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आता पैसे. रेकॉर्ड कंपनी बँडला अ‍ॅडव्हान्स देते, लोकांना वाटतं तो पगार आहे. ते कर्ज आहे, म्हणजे बुडालं तर सहसा बँडच्या घरावर जप्ती येत नाही, पण स्टुडिओ, प्रोड्युसर, हॉटेल, सगळा खर्च आधी बँडच्या रॉयल्टीतून वळता होतो आणि मग उरलं तर हातात. 'हिस्टेरिया'चा खर्च इतका झाला होता की नुसते सुटायला जवळपास ५० लाख प्रती खपायला पाहिजे होत्या असं बँडवाल्यांनीच नंतर सांगितलंय. आमच्या बँडने एकदा ठाण्याच्या एका स्टुडिओत तासावर तीन गाणी रेकॉर्ड केली होती, पहिले चार तास आमचा ड्रमर क्लिकच्या (हेडफोनमधल्या टिकटिक ठेक्याच्या) पुढे पळत होता ह्यातच गेले, तिसऱ्या गाण्याला पैसे संपले म्हणून त्यात गिटारचा सोलोच नाही. तेव्हा मला कळलं की स्टुडिओतल्या घड्याळाकडे बघत वाजवणं काय असतं. ह्यांनी ते तीन वर्षं केलं.

रिलीजची गोष्ट पण सरळ नाही. ब्रिटनमध्ये आधी 'अ‍ॅनिमल' सिंगल म्हणून, म्हणजे अल्बममधलं एक गाणं वेगळं काढतात तसं, आलं, सहाव्या नंबरपर्यंत गेलं आणि अल्बम लगेच पहिल्या नंबरवर. अमेरिकेत मात्र जुन्या हार्ड रॉकवाल्यांना धरून ठेवायचं म्हणून 'विमेन' आधी काढलं, ते ८० व्या नंबरवर जाऊन बसलं. माझ्या मते चुकीची निवड, गाणं वाईट नाही पण दार उघडणारं नाही. अल्बम खपत होता पण ५० लाख कुठे. मग वर्षभर एकामागून एक सिंगल, आणि टूरचं स्टेज हॉलच्या बरोब्बर मध्यभागी, चारी बाजूंनी प्रेक्षक, म्हणजे मागची तिकिटंही विकता येतात. 'शुगर'चा पहिला व्हिडिओ चालण्यासारखा नव्हता, त्यात एक घर पाडताना दाखवलंय, का ते देव जाणे. मग अमेरिकेसाठी कॉन्सर्टमधल्या शूटिंगचा नवीन केला आणि एमटीव्हीने तो इतका फिरवला की गाणं दुसऱ्या नंबरवर गेलं. जुलै १९८८ मध्ये, म्हणजे दुकानात येऊन जवळपास वर्ष होताना, अल्बम अमेरिकेत पहिला आला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये 'लव्ह बाइट्स' पहिलं, जे लँगने मुळात कंट्री गाण्यासारखं आणलं होतं. एका अल्बममधून सात सिंगल. एकट्या अमेरिकेत एक कोटी वीस लाखांचं सर्टिफिकेट आहे, म्हणजे कर्ज फिटलं असावं!

पुढचा अल्बम लवकर करू असं त्यांना वाटत होतं, तो आला १९९२ ला. मध्ये जानेवारी १९९१ मध्ये गिटारिस्ट स्टीव्ह क्लार्क गेला, दारूने घात केला, वय ३०. 'हिस्टेरिया'तले अर्धे काचेचे सूर त्याचे आहेत. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

बाकी एलपीच्या (मोठ्या तबकडीच्या) एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटं बरी पडतात, ह्यांनी तीस-एकतीसच्या वर भरली, चर बारीक, आवाज कमी, पण मागे हटले नाहीत. ह्याचा फटका मला डोंबिवलीत बसला. कॉलेजात असताना स्टेशनजवळच्या कॅसेटवाल्याकडून अल्बम भरून घेतला, पैसे वाचवायला सी-९० न घेता सी-६० कॅसेट घेतली, म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं. अल्बमची पहिली बाजू आहे जवळजवळ ३२ मिनिटांची. त्यामुळे 'आर्मगेडन इट' मध्येच खट्‌ करून बंद पडायचं आणि मी कित्येक वर्षं समजत होतो की ते तसंच आहे, काय डेअरिंग आहे बँडचं, ऐन भरात गाणं तोडतात. आमच्या बँडने ते गाणं बसवलं तेव्हा आम्हीही तिथेच तोडायचो. मग एका मित्राच्या भावाने बाहेरून सीडी आणली.