सूरशंका : पेटीशिवाय चार गळे

गेल्या अंकात इंग्लंडमधल्या हल शहराच्या ‘वॉटरसन्स’ या गायकगटाबद्दल लिहिलं होतं. नॉर्मा आणि लॅल या बहिणी, भाऊ माइक आणि नात्यातला जॉन हॅरिसन असे चौघं. हाताशी वाद्य नाही, समोर कागद नाही. १९६५ सालच्या ‘फ्रॉस्ट अँड फायर’ या त्यांच्या अल्बमनंतर इंग्रजी लोकगीतं अशी गाणारे अनेक गट उभे राहिले. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतो आहोत.

आम्ही चौघं कॉलेजच्या कॉयरमध्ये गातो. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चार ओळी बसवून हीच गाणी म्हटली, तर ती चर्चमधली वाटतात. काय चुकतं? (पुणे)

चार ओळी बसवल्या, तिथेच चुकलं. या गाण्यांत चाल एकच असते आणि बाकीचे तिच्या अवतीभवती राहतात. एखाद्या ओळीत चौघंही चालच गातात, मग एका शब्दावर कुणीतरी खाली उतरतो आणि ओळ संपताना पुन्हा चालीला येऊन मिळतो. कॉयरमध्ये प्रत्येक अक्षराला भरलेली कॉर्ड, म्हणजे एकत्र लागणारा तीन-चार स्वरांचा गुच्छ मिळतो, गंधारासकट. इथे गंधार बरेचदा गाळलेला असतो, उरतात ते सा आणि प. शिवाय दोन आवाजांनी पंचमाचं अंतर राखून एकाच दिशेने चालणं हार्मनीच्या, म्हणजे निरनिराळे स्वर एकत्र गाण्याच्या शास्त्राच्या, पाठ्यपुस्तकात वर्ज्य आहे. या शैलीचं पोट मात्र त्यावरच भरतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. कॉयरचा गोल, थरथरता आवाज बाजूला ठेवा. आवाज छातीतून, सरळ आणि थोडा नाकातून आला तरी चालेल. शब्द बोलताना जसे पडतात तसेच पडू द्या. स्वर लांबवायच्या नादात शब्द चावला गेला, तर गोष्ट कळत नाही, आणि ही गाणी मुळात गोष्टी आहेत.

नुसतं वर्णन नको, एखाद्या ओळीवर करून दाखवाल का? (नाशिक)

‘स्कारबरो फेअर’ बहुतेकांच्या कानात असतं, तेच घेऊ. त्याची सर्वांना माहीत असलेली चाल डोरियन मोडमध्ये आहे, म्हणजे आपला काफी थाट. ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध. दुसरी ओळ, ‘पार्स्ली, सेज, रोझमेरी अँड थाइम’, आठ स्वरांत अशी येते : प नी सां नी प ध म प.

आता प्रत्येक स्वराच्या पाच स्वर खाली दुसरा आवाज ठेवा : सा ग म ग सा रे नी सा (यातला नी खालच्या सप्तकातला). पाहा, एकही स्वर थाटाबाहेर जात नाही आणि प्रत्येक जोडी शुद्ध षड्ज-पंचमाची आहे. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला ही ओळ दहा मिनिटांत बसते. तिसरा आवाज पूर्ण ओळभर सा धरून राहू शकतो. फक्त ‘मेरी’च्या ध-वर तो सा आणि दुसऱ्या आवाजाचा रे घासतात, आणि ‘अँड’च्या म-वर तो सा आणि दुसऱ्याचा खालचा नी. ती घासण ऐकायला छान लागते. नको असेल तर तिसऱ्याने तिथे दुसऱ्यासोबत रे-वर आणि खालच्या नी-वर जावं.

मात्र हीच युक्ती पहिल्या ओळीवर, ‘आर यू गोइंग टू स्कारबरो फेअर’वर, जशीच्या तशी लावली की फसते. तिची चाल आहे : सा सा प प प रे ग रे सा. ‘स्कारबरो’मधल्या कोमल ग-च्या पाच स्वर खाली कोमल ध येतो आणि तो या थाटात नाही. शुद्ध ध घेतला तर पंचम आखडतो आणि कानाला बोचतो. बहुतेक नवे गट इथेच अडखळतात आणि दोष गळ्याला देतात. उपाय सोपा आहे. खालच्या आवाजाने ‘टू’पर्यंत सा धरावा, ‘स्कारबरो’च्या तिन्ही स्वरांना खालचा नी, आणि ‘फेअर’वर सगळ्यांनी सा.

पट्टी काळी ४ घ्या. बायकांनी चाल घ्यावी आणि पुरुषांनी खालची ओळ त्याच सप्तकात गावी. पुरुषांनी चालच एक सप्तक खाली नेली तर शेवटच्या ओळीतला खालचा नी नुसता घरघरतो.

दरवेळी आम्ही काळी ४ मध्ये सुरू करतो आणि आठव्या कडव्याला पांढरी ५ मध्ये, म्हणजे अर्धा स्वर खाली, पोचतो. पेटी घेऊन सराव करावा का? (डोंबिवली)

पेटी नको. वर सांगितलेल्या पहिल्या ओळीतला नी-रे असा जोड पेटीवर खऱ्या अंतरापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) रुंद असतो. तो कानात बसला की वाद्याविना गाताना प्रत्येक जण आपापला सूर हलवत राहतो. सरावाला तानपुऱ्याचं अॅप सा-प वर लावा, कार्यक्रमात बंद करा.

सूर उतरतो तो बहुधा शेवटच्या ओळीत : सा प म ग रे सा नी सा. उतरताना प्रत्येक पायरी किंचित मोठी पडते, त्यात सगळे एकाच वेळी श्वास घेतात, आणि पुढचं कडवं त्या थकलेल्या सा-वर सुरू होतं. त्यामुळे पूर्ण गाणं घोकू नका. शेवटची ओळ आणि पुढच्या कडव्याचा पहिला स्वर एवढाच तुकडा वीस वेळा करा. श्वास आळीपाळीने घ्या, एक जण ओळीच्या मध्ये, दुसरा शेवटी.

मांडो ही गोव्यातली गाणीही दोन सुरांत गातात. मग फरक काय? (मडगाव)

मांडोत दुसरा आवाज मुख्यतः तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने चालतो, म्हणून तो गोड आणि मऊ लागतो. वॉटरसन्सच्या पद्धतीत पाचव्याला आणि एकसुराला मान, म्हणून ती खडबडीत लागते. मांडो गाणाऱ्यांचा कान दुसऱ्या आवाजाला सरावलेला असतो, पण हात आपोआप गोडव्याकडे जातो, तेवढा आवरा.

इंग्लंडमध्ये खरंच असं गायचे, की ही १९६० नंतरची टूम? (ठाणे)

दोन्ही थोडं थोडं. तिथली बहुतेक लोकगीतं एकट्याने गायची. पण ब्रायटनजवळच्या रॉटिंगडीनमधलं कॉपर कुटुंब दोन आवाजांत गात आलं आहे. जेम्स आणि थॉमस कॉपर या भावांची गाणी लोकगीतं गोळा करणाऱ्या केट ली यांनी १८९८ साली उतरवून घेतली, त्याच वर्षी लंडनमध्ये फोक-साँग सोसायटी स्थापन झाली. शेफील्डजवळच्या पबांमध्ये नाताळची गाणी आजही अनेक आवाजांत रंगतात. तीन-चार आवाजांचा मोकळा बाज मात्र साठच्या दशकातल्या फोक क्लबांतला, म्हणजे लोकगीतं गायला-ऐकायला जमण्याच्या ठिकाणांतला, वॉटरसन्स आणि ‘यंग ट्रॅडिशन’ या गटांचा.

लेस्टरला राहतो. फोक क्लबात जाऊन गाता येईल का? (लेस्टर)

येईल. पाहुण्या कलाकाराची रात्र नसेल तेव्हा जा, वेळेआधी पोचून दाराशी बसलेल्या माणसाला नाव द्या. एक किंवा दोन गाणी मिळतात. ध्रुवपद (दर कडव्यानंतर पुन्हा येणारी ओळ) असलेलं गाणं निवडा आणि पहिल्यांदा ते हळू म्हणा, म्हणजे लोक उचलतात. मग आपला आवाज थोडा कमी करा. लोकांचं ध्रुवपद ऐकू आलं पाहिजे. कडव्यात कुणी मध्ये गात नाही, तुम्हीही इतरांच्या कडव्यात गाऊ नका. फोनवर शब्द पाहून गाणं बऱ्याच क्लबांत खपवून घेतात, पण आवडत नाही.

गाणी शोधायला ‘राउड क्रमांक’, म्हणजे लोकगीतांच्या सूचीतला गाण्याचा क्रमांक, वापरा. एकाच गाण्याची दहा नावं असतात, क्रमांक एकच. लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधल्या वॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररीच्या संकेतस्थळावर तो टाकलात की निरनिराळ्या गावांत उतरवून घेतलेले पाठ समोर येतात. पारंपरिक चालीवर कुणाचा हक्क नाही, पण एखाद्या गटाने बांधलेल्या हार्मनीवर असू शकतो. रेकॉर्डिंग विकणार असाल तर खालची ओळ स्वतःची बांधा.