अभियांत्रिकी किंवा विज्ञानात पूर्ण फंडिंगची पीएचडी कशी शोधावी? प्राध्यापकांना थेट मेल केला तर चालतो का?

चालतो. पण त्यांच्याकडे पैसे किती उरलेत ते आधी बघा.

माझी पहिली पीएचडी अकराव्या महिन्यात बंद पडली. ऑफर लेटरमध्ये स्टायपेंडच्या आकड्यापुढे 'निधीच्या उपलब्धतेनुसार' असं लिहिलं होतं. ते खटकलं म्हणून दादाला दाखवलं. तो स्वतः पीएचडी. म्हणाला, "आत्ताच पैशाचं विचारलंस तर हावरट समजतील." नाही विचारलं. सातव्या महिन्यात सरांची ग्रँट, म्हणजे संशोधनासाठी मिळालेला निधी, संपली. नवी येईपर्यंत ट्युटोरियल घे म्हणाले. माझा हीट एक्स्चेंजरचा सेटअप प्लास्टिकखाली झाकलेला आणि मी शेजारी बसून दुसऱ्या वर्षाचे पेपर तपासतोय, असे चार महिने गेले. ग्रँट काही आली नाही.

संताप याचा की ग्रँट संपण्याची तारीख कुणी लपवलेलीच नव्हती. रिसर्च पेपरच्या शेवटी आभार असतात, जे कुणी वाचत नाही, तिथे ग्रँट नंबर छापलेला असतो. युरोपियन युनियनची ग्रँट असेल तर तो नंबर त्यांच्या कॉर्डिस या साइटवर, अमेरिकेच्या एनएसएफची (नॅशनल सायन्स फाउंडेशन) असेल तर त्यांच्या अवॉर्ड सर्चवर टाका. सुरुवात, शेवट, रक्कम, सगळं दिसतं. ग्रँट नुकती सुरू झाली असेल तर त्यांना माणसं हवी असतात. मेल अशांना करा.

जाहिराती यूरॅक्सेस आणि फाइंडएपीएचडी या साइट्सवर येतात. नेदरलँड्स, स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुधा पगारी नोकरीच असते. अमेरिकेत अर्ज विभागाकडे, साधारण डिसेंबरपर्यंत, आणि पैसे टीए (शिकवण्यात मदत) किंवा आरए (संशोधनात मदत) म्हणून. युरोपियन युनियनच्या पैशांवर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधल्या पीएचडीची एक अट बरेच जण वाचत नाहीत: मागच्या ३६ महिन्यांत, जिथे पीएचडी करायची त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले बाद. मी अकरा महिन्यांत बाहेर पडलो म्हणूनच त्याच देशात अशा नेटवर्कमध्ये पुन्हा पीएचडी मिळू शकली!

तिथे पैसे ३६ महिन्यांचे होते आणि पीएचडीला चार वर्षं लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. या वेळी मुलाखतीत सरळ विचारलं, "चौथ्या वर्षाचं काय?" नव्या गाइड मॅडम जराही दचकल्या नाहीत. विभागाच्या निधीतून देऊ म्हणाल्या आणि संध्याकाळी तेच मेलवर लिहून पाठवलं. हावरट कुणी म्हटलं नाही. दादाला तो मेल फॉरवर्ड केला होता, उत्तर अजून यायचंय.

हां, गणित किंवा निव्वळ थिअरीवाल्यांना ग्रँट नंबरचा उपयोग कमी, तिथे बरेचदा शिकवण्याच्या कामातूनच पैसे मिळतात. स्वतःची स्कॉलरशिप घेऊन जाणाऱ्यांचं गणितही वेगळं.

मेल दहा ओळींचा पुरे. त्यांच्या एखाद्या पेपरमधली तुम्हाला पडलेली खरी शंका लिहा, सीव्ही जोडा. 'रिस्पेक्टेड सर' करून शंभर जणांना धाडलेला मेल लगेच ओळखू येतो. पैशाचं मात्र पहिल्याच मेलमध्ये काढू नका. तेवढ्यापुरता दादा बरोबर होता.