शंका-समाधान : खाडीचा गाळ, मिठाचं पाणी आणि प्लास्टिकचे कण

प्रश्न (चिपळूण) : प्लास्टिक तर पाण्यावर तरंगतं. मग खाडीच्या गाळात सूक्ष्मप्लास्टिक (५ मिलिमीटरहून लहान प्लास्टिकचे कण) सापडतं ते कसं?

सगळंच प्लास्टिक तरंगत नाही. पिशवीचं पॉलिथिन आणि दोरीचं पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, पाण्याची घनता १ धरली तर यांची ०.९० ते ०.९७. जाळ्याचं नायलॉन १.१४, बाटलीचं पेट (पीईटी प्लास्टिक) १.३८ च्या आसपास, ही बुडतात. पॉलिस्टर कापड म्हणजेही पेटच, त्यामुळे धुण्याच्या पाण्यातून निघणारे तंतू बुडणाऱ्यांत धरायचे.

पण बुडायला किती वेळ लागेल, हे आकारावर ठरतं. पेटचा ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोल कण स्थिर पाण्यात सेकंदाला जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जातो, म्हणजे मीटरभर उतरायला अर्धा तास. तोच कण १० मायक्रॉनचा असेल तर बारा तास लागतात. वाहत्या नदीत तेवढ्यात तो कुठल्या कुठे गेलेला असतो.

हलके कणही कायम वर राहत नाहीत. त्यांच्यावर जिवाणू-शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, त्याला माती चिकटते, आणि वजन वाढून ते खाली बसतात. खाडीत आणखी एक गोष्ट घडते. गोड्या पाण्यात सुटे फिरणारे चिकणमातीचे कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना धरून गुठळ्या करतात, आणि त्या गुठळ्यांत प्लास्टिक अडकून तळाला जातं.

तिथेही ते कायमचं राहतं असं नाही. मँचेस्टर परिसरातल्या नद्यांमध्ये २०१५-१६ च्या हिवाळी पुरांनी तळातलं सुमारे ७० टक्के सूक्ष्मप्लास्टिक वाहून नेल्याचं मोजलं गेलं आहे. त्यामुळे मे महिन्यातला गाळ आणि ऑक्टोबरमधला गाळ एकाच तक्त्यात शेजारी मांडताना तारीख लिहायला विसरू नका.

प्रश्न (मालवणमधील शिक्षक) : किनाऱ्यावरच्या वाळूतून हे कण वेगळे करण्याचा प्रयोग शाळेत करता येईल का?

येईल, मिठाच्या पाण्यावर. भरतीच्या रेषेवर, जिथे काटक्या आणि शेवाळ साचतं, तिथे ५० × ५० सेंटिमीटरची लाकडी चौकट ठेवून वरची ५ सेंटिमीटर वाळू स्टीलच्या डावाने काढा. ६० अंशांच्या आत वाळवा. त्याहून तापवली तर काही प्लास्टिक मऊ पडतं. मग ५ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा.

लिटरभर पाण्यात ३६० ग्रॅम मीठ विरघळवा. शेवटचं मूठभर मीठ विरघळायला फार वेळ घेतं आणि बहुतेकांची चूक इथेच होते. म्हणून १०० मिलिलिटर द्रावणाचं वजन करून बघा : १२० ग्रॅमच्या जवळ हवं. ११५ भरलं तर अजून ढवळा. आता हे द्रावण गाळणकागदातून गाळून घ्या, कारण मिठातच धूळ आणि प्लास्टिकचे कण असतात. न गाळता वापरलंत तर किनारा नव्हे, मीठ मोजाल.

काचेच्या बरणीत २०० ग्रॅम वाळू आणि अर्धा लिटर द्रावण घालून दोन मिनिटं ढवळा. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने गाळणकागदावर ओता. त्याच वाळूवर हे आणखी दोनदा करा. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरिन, नायलॉन वर येईल. पेट आणि पीव्हीसी १.२ घनतेच्या पाण्यातही तळालाच राहतं, म्हणून आलेला आकडा ‘किमान’ समजायचा. झिंक क्लोराइडच्या जड द्रावणात तेही तरंगतं, पण ते त्वचेला जाळतं आणि पाण्यातल्या जिवांना विषारी आहे. शाळेत नको.

कागदावर दिसलेला प्रत्येक रंगीत कण प्लास्टिक नसतो. शिंपल्याचे कपचे आणि वाळलेलं शेवाळ हमखास फसवतं. सूक्ष्मदर्शकाखाली पक्कडीत धरलेली तापलेली सुई कणाजवळ न्या : प्लास्टिक बहुधा वितळतं किंवा आक्रसतं, शिंपला तसाच राहतो, सुती धागा फार तर करपतो. निळा तंतू मोजण्याआधी वर्गातले गणवेश बघा! त्यासाठीच एक बरणी वाळूशिवाय, बाकी सगळं तसंच करून चालवायची. तिच्यात सहा तंतू सापडले आणि वाळूच्या बरणीत आठ, तर त्या आठांवर निष्कर्ष काढू नये.

आकडा लिहिताना : एक किलो कोरड्या वाळूत किती कण, आणि सर्वांत लहान कण केवढा ओळखता आला.

प्रश्न (पुणे) : आमच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस ४० येतो. म्हणजे त्यात सूक्ष्मप्लास्टिक नाही ना?

टीडीएस मीटरचा याच्याशी संबंध नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. प्लास्टिक विरघळत नाही, वीजही वाहून नेत नाही. आरओचा पडदा धड असेल तर हे कण अडवतो, पण त्यापुढची टाकी, नळी, तोटी सगळी प्लास्टिकचीच असते. तपासणी करायचीच असेल तर काचेच्या बाटलीत नमुना द्या आणि प्रयोगशाळेला आधी विचारा, किती मायक्रॉनपर्यंत मोजता? इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शक साधारण १० ते २० मायक्रॉनला थांबतो, लेझरवर चालणारा रामन सूक्ष्मदर्शक १ मायक्रॉनपर्यंत उतरतो. त्यामुळे एकाच बाटलीतल्या पाण्याचे दोन आकडे येतील आणि दोन्ही बरोबर असतील.