टायर फिटरचं काम आठवड्यात शिकता येतं का?

दहावी झालेल्या भावाला साताऱ्यात हायवेवरच्या टायरच्या दुकानात ठेवायचं म्हणताय, मालक सांगतायत ‘आठवड्यात शिकंल’, आणि तुम्ही विचारताय हे खरं का आणि पगार किती.

साफ खोटं. आठवड्यात पंक्चर काढता येतं. फिटर व्हायला वर्षं जातात, तीही मिस्त्री चांगला भेटला तर. मी उंब्रजजवळच्या दुकानात लागलो तेव्हा मालकांनी हेच सांगितलं होतं, ‘पाना फिरवायचा, हवा भरायची, त्यात काय शिकायचंय?’

उसाचा हंगाम होता. भरलेला ट्रक कारखान्याला निघालेला, मागच्या जोडचाकातला आतला टायर हवा जाऊन बसलेला. 10.00-20 मापाचा ट्यूबचा टायर, लॉक रिंगची रिम, म्हणजे टायरला रिमवर अडवून धरणारी लोखंडी कडी खाचेत बसवायची. एव्हाना काम माझ्या हाताला बसलं होतं. नट ढिले करायच्या आधी मी दोन्ही चाकांची हवा सोडली. बाहेरचा धडधाकट टायर कशाला सोडला म्हणून मालक तिथंच कुरकुरायला लागले. अहो, रिमला चीर असली तर तिला नटांनीच दाबून धरलेलं असतं. हवा असताना नट सैल केला की चाक थेट अंगावर.

ट्यूब बदलली, ट्यूब आणि रिमच्या मधला रबरी पट्टा, म्हणजे फ्लॅप, घातला, रिंग चढवली, थोडी हवा मारली. वाकून बघतो तर रिंग एका बाजूनं खाचेत बसलेलीच नाही, पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. ड्रायव्हर म्हणाला, ‘हातोडा मारा, बसंल.’ मालकांनी हातोडा उचललासुद्धा. मी व्हॉल्व्हची पिन काढली आणि सगळी हवा सोडून दिली. रिंग उतरवून खाचेत स्क्रू ड्रायव्हर फिरवला तर गंजाचे पापुद्रे पडायला लागले, आणि रिंगची कड एका जागी झिजून पार पातळ झालेली. म्हटलं, रिम आणि रिंग बदला, नाहीतर मी हवा मारत नाही.

‘गिऱ्हाईक घालवतोस व्हय रं?’ मालक सगळ्यांदेखत ओरडले. ‘माझ्या बापानं पिंजऱ्याबिगर जन्म काढला.’ पिंजरा म्हणजे हवा भरताना चाक ज्यात ठेवायचं ती लोखंडी चौकट. शेवटी ड्रायव्हरनंच कराडहून रिम मागवली आणि ट्रक पहाटे गेला. हंगाम संपला तसं मी ते दुकान सोडलं.

त्यांना तेव्हा सांगायचं राहिलं ते इथं लिहितो. 100 पीएसआय म्हणजे एकेका चौरस इंचावर साधारण 45 किलोचा दाब, आणि रिंगेवर असे कितीतरी इंच. ती सुटली तर बंदुकीच्या गोळीसारखी येते, समोरचा माणूस वाचत नाही. त्यांच्या वडिलांचं नशीब थोर होतं, पण नशिबाच्या भरवशावर दुसऱ्याचं पोर बसवू नये. आज माझ्या दुकानात जाड पाइप वेल्डिंग करून केलेला पिंजरा आहे. लॉक रिंगचं चाक त्यात ठेवल्याशिवाय हवा नाही, लांब होज लावायची, बाजूला उभं राहायचं. गिऱ्हाईक घाई करत असेल तर त्यानं पुढचं दुकान बघावं.

म्हणून भावाला ठेवायच्या आधी त्या दुकानात जा आणि पिंजरा आहे का बघा. नसेल तर पगार कितीही सांगू देत, ठेवू नका. मिस्त्री कसा आहे तेही बघा. खंबाटकी घाट उतरून आलेल्या गरम टायरची हवा ‘जास्त झालीय’ म्हणून कमी करणारा मिस्त्री बिनकामाचा, हवा थंड टायरलाच मापायची असते. नट समोरासमोरचे आवळतो का बघा. टायरवरचा आकडा त्याला वाचता यायला पाहिजे: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. जुना टायर नवा म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडत नाही तो यामुळंच.

पगाराचं म्हणाल तर सुरुवातीला पोरगा म्हणून हातखर्चापुरतंच मिळतं. काम यायला लागलं की काही मालक टायरमागे पैसे देतात, ते आधीच ठरवून घ्या.

आणि हो, दुकान फक्त कारचं, ट्यूबलेसचं असेल तर लॉक रिंगचा प्रश्न येत नाही. तिथं मशीनवर काम असतं, अलाइनमेंट-बॅलन्सिंगही शिकायला मिळतं. पण कारच्या टायरलासुद्धा बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, बसत नाही म्हणून हवा वाढवत न्यायची नसते, हे त्याला पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला पाहिजे. मालक सांगत नसतील तर तुम्ही सांगा.