टॅली घरून बघायचीय, पण पोर्ट उघडा नको

प्रश्न : आमचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, मागे ऑफिसात पाच कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर टॅली. मी रात्री घरून रिमोट डेस्कटॉपने हिशोब बघतो, त्यासाठी कॉम्प्युटरवाल्याने राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं नंबरवालं दार, उघडून दिलाय. मग कुणीतरी घाबरवलं म्हणून त्याने रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा 3389 पोर्ट बदलून भलताच नंबर टाकला आणि म्हणाला, आता कुणाला सापडत नाही. पण हल्ली लॉगिन करायला गेलं की अकाउंट लॉक झालंय असं येतं, मी तर पासवर्ड चुकवत नाही. कोण करतंय हे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्यावर कुणाचा खास डोळा असेलच असं नाही हो. हे काम मशीनच करतात, दिवसरात्र उघडे पोर्ट शोधतात आणि अंदाजाने पासवर्ड टाकत राहतात, म्हणून अकाउंट लॉक होतं. आयपीव्ही4, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांचे नेहमीचे पत्ते, सगळे मिळून साधारण 429 कोटी, ऐकायला खूप वाटतात, पण मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी 2013 मध्येच दाखवलं होतं की एका कॉम्प्युटरवरून, चांगलं कनेक्शन असेल तर, पाऊण तासाच्या आत सगळ्या इंटरनेटवर एखादा पोर्ट चाचपता येतो. पोर्टचे नंबर तरी किती, 65 हजार आणि वर काही. म्हणजे नंबर बदलून गर्दी थोडी कमी होते, बाकी काही नाही. चोर गल्लीतलं प्रत्येक दार ढकलून बघत असेल तर दारावरचा नंबर बदलून काय होणार.

खात्री करायचीय तर त्या मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिक्युरिटी, आणि 4625 नंबरच्या नोंदी बघा. फसलेलं प्रत्येक लॉगिन तिथे असतं. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर', 'अ‍ॅडमिन', 'टॅली' अशा नावांची रांग दिसली तर समजून जा.

पासवर्ड मोठा ठेवला की झालं असंही नाही. 2019 मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच ब्लूकीप नावाचं भोक सापडलं, त्याला पासवर्ड लागतच नव्हता, मायक्रोसॉफ्टने बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, काढला यावरून काय ते समजा.

तर आजच्या आज राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका, राउटरमधलंच यूपीएनपी पण बंद, कारण ते चालू असलं की आतलं कुठलंही यंत्र न विचारता पोर्ट उघडून घेतं. मग व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जाणारा कुलूपबंद बोगदा. त्यातही माझं मत वायरगार्ड या व्हीपीएनच्या बाजूने, कारण योग्य डिजिटल किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. राउटरमध्ये ती सोय नसेल किंवा तुमच्या नेटवाल्याने बाहेरून पोचता येईल असा स्वतंत्र आयपी पत्ता दिला नसेल तर टेलस्केलसारखं काहीतरी टाका, त्याला पोर्ट उघडावा लागत नाही. व्हीपीएन जोडलं की रिमोट डेस्कटॉप आतल्या 192.168 वाल्या पत्त्यावर (टेलस्केल असेल तर ते देईल त्या पत्त्यावर) नेहमीसारखाच चालतो. शेवटी व्हीपीएन बंद ठेवून, मोबाइलचा डेटा वापरून जुन्या पद्धतीने जोडून बघा, जोडलं गेलं तर काम झालेलं नाही.

आणि अपडेट करा राव. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने 12 मे 2017 ला जगभर फायली कुलूपबंद केल्या, त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. ते आत शिरलं की फाइल शेअरिंगच्या 445 पोर्टवरून शेजारच्या मशीनवर आपोआप जायचं, म्हणजे पाचातलं एक जुनं राहिलं तरी पुरे. टॅलीचा बॅकअप ज्या पेन ड्राइव्हवर घेता तो कायम खोचलेला असेल तर तोही डेटासोबतच जातो, म्हणून दोन ठेवा, आलटून पालटून, एक घरी.

प्रश्न : सीसीटीव्ही मोबाइलवर दिसावा म्हणून डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा) पोर्ट उघडलाय. कॅमेऱ्यात चोरण्यासारखं काय आहे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : चित्र नकोच असतं त्यांना, यंत्र हवं असतं. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीतून येतानाच घातलेले साठेक पासवर्ड वापरून असले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि 21 ऑक्टोबरला त्यांचाच मारा करून डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीला, लोळवलं, ट्विटर-नेटफ्लिक्स कित्येकांना उघडेनात. शिवाय डीव्हीआर आणि बिलिंगचा कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर असेल तर डीव्हीआरमधून पुढे तिकडे जाता येतं, हे जास्त महागात पडतं. पोर्ट बंद करा, पासवर्ड बदला, नवं फर्मवेअर, म्हणजे डीव्हीआरच्या आतलं सॉफ्टवेअर, घ्या. कंपनीचं अ‍ॅप वापरलं तर डीव्हीआर स्वतःच बाहेर जोडला जातो, पोर्ट लागत नाही, फक्त मग कंपनीवर भरवसा ठेवावा लागतो. नको असेल तर वर सांगितलेलं व्हीपीएन इथेही चालतं. आणि गिऱ्हाइकांना वायफाय देत असाल तर ते राउटरच्या गेस्ट नेटवर्कवरूनच, म्हणजे तुमच्या मशीनपासून वेगळं, द्या.